तळे राखणाऱ्याने किती चाखावे?

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपल्या तोंडी सहज येते. देवस्थानचा हिशेब पाहणारा, सोसायटीचा सचिव, दिंडीची भिशी गोळा करणारा, सप्ताहाचा शिधा सांभाळणारा, यांपैकी कोणाच्या हाताला थोडे चिकटले असे कळले, की मंडळी हसतात, ही म्हण म्हणतात आणि विषय संपतो. राखणदाराचा हक्क आपण मान्य केलेला असतो; तो किती, एवढे मात्र कोणी विचारत नाही. वारकऱ्याने ते विचारले पाहिजे. राखणे हा आपल्या परमार्थाचा मोठा भाग आहे. नेम राखायचा, वीणा राखायचा, दिंडीचा क्रम राखायचा आणि पुढच्यांच्या हाती द्यायचा. मग जो राखतो, त्याचा त्या ठेव्यावर अधिकार किती?

म्हण तळ्याची आहे, तेव्हा उत्तरही तळ्यापाशीच शोधू. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा बांध आणि त्यामागे पाझर तलाव, हे चित्र आपल्या दुष्काळी भागात सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पण तो बांध म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. आधी ओढ्याला आडवा खंदक खणतात, कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. तो काळ्या चिकण मातीने भरतात. थर टाकायचा, पाणी मारायचे, दाबायचा, मग दुसरा थर. तोच काळ्या मातीचा गाभा वर नेतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव देतात. पाण्याकडच्या उतारावर दगड लावतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. आणि एका टोकाला, बांधाच्या माथ्यापेक्षा बरेच खाली, सांडवा सोडतात.

या तलावाला सहसा कालवा नसतो. त्याचे पाणी मुरण्यासाठी असते. पावसाळ्यात साठलेले पाणी जमिनीत उतरते आणि खालच्या शिवारातल्या विहिरींना पाझररूपाने मिळते. चैत्रात तळ कोरडा पडला की अजाण माणूस म्हणतो, तळे वाया गेले. त्याने खाली जाऊन विहिरीत डोकावावे. पाणी तेथे असते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. तेथल्या पाझर तलावाचा बांध गळका होता, पाणी टिकत नव्हते. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या सांगण्यावरून गावाने श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि पुढच्या उन्हाळ्यात बांधाखालच्या सात विहिरींना पाणी राहिले.

आता पाहा, अशा तळ्याचा राखणदार कोण? पहिला, ज्याचे शेत बुडाले तो. त्याची जमीन पाण्याखाली गेली म्हणून खालच्यांना पाझर लाभला. पाणी उताराने जाते. वरच्याच्या विहिरीत ते चढून येत नाही. दुसरा राखणदार, ज्याने माती वाहिली तो. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातले आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन बायाबापड्यांनी पाट्या उचलल्या. त्यांतल्या अनेकांच्या नावावर गुंठाभर रान नव्हते. ज्याला विहीरच नाही, त्याला पाझर कसला? राखणारे एक आणि चाखणारे दुसरे. म्हण येथे उलटी पडते.

ती अशी उलटी पडणे आपल्या परंपरेला नवे नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबाराय इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. परंपरा शके १२६० सांगते. ज्या कुसाच्या आत घर करण्याची त्यांना मुभा नव्हती, ते कूस त्यांचे हात उभारत होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. आजही आपण तेथे वाकतो आणि मग आत जातो. त्या वाकण्यात एक ऋण कबूल केलेले असते: मी जे चाखतो, ते कोणीतरी स्वतः न चाखता राखले आहे.

येथे शंका येते. मग राखणाऱ्याने चाखूच नये काय? त्याला तहान नाही काय? तहान आहे आणि हक्कही आहे. दिवसभर दिंडीची व्यवस्था पाहणाऱ्याने पंगतीत जेवूच नये, असे कोणताही संत सांगणार नाही. उपाशी राखणदार फार दिवस राखत नाही. तेव्हा चाखणे हा दोष नाही. दोष कोठे सुरू होतो, ते मातीचा बांधच दाखवतो, आणि दोन खुणांनी दाखवतो.

पहिली खूण सांडव्याची. दगडी बांधावरून पाणी गेले तरी तो बहुधा तग धरतो. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तर ते माती कापत जाते आणि काही तासांत बांध जातो. म्हणून सांडव्याची पातळी बांधतानाच, कोरड्या दिवसांत ठरवतात. पूर आल्यावर ती ठरवता येत नाही. पण तळे भरले की लोभ सुटतो. सांडव्यात वाळूची पोती लावली तर हातभर पाणी जास्त राहील, आणखी दोन मोटारी चालतील, असे कोणाला तरी वाटते. चार वर्षे काही होत नाही. पाचव्या वर्षी एका रात्रीत मोठा पाऊस होतो, आणि चार वर्षांचे अधिक पाणी बांधासकट निघून जाते. जे खाली राहतात त्यांच्या घरांतून जाते. माणसाचेही असेच आहे. आपण किती घ्यायचे, ही रेघ हाती काही नसताना ओढावी लागते. थैली समोर उघडी असताना ओढलेली रेघ थैलीकडे सरकते. आपल्या संप्रदायात माळ घालताना नेम सांगतात तो यासाठीच. मोह यायच्या आधी सांडवा बांधून ठेवलेला असतो.

दुसरी खूण पाझराची. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच. त्यात भिण्यासारखे नसते. जाणता माणूस बांधाच्या पायथ्याशी जातो आणि झिरपणारे पाणी ओंजळीत घेऊन पाहतो. नितळ असेल तर बांध ठीक आहे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर आतली माती निघते आहे. पोटात बीळ पडते आहे आणि ते रोज रुंद होते आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली घरे माणसांसह वाहून गेली. धरणाची गळती गावकऱ्यांना आधीच दिसली होती.

राखणदाराच्या चाखण्यालाही हीच कसोटी लावावी. जे चार माणसांत सांगून, वहीत लिहून घेतले, ते नितळ. जे घेताना वही मिटावी लागते, ते थेंबभर असले तरी गढूळ. कारण त्याबरोबर विश्वासाची माती निघते. रक्कम किती, हा प्रश्न मागाहूनचा.

याला दामाजीपंतांची कथा आड येते असे कोणी म्हणेल. तेही मंगळवेढ्याचेच. बिदरच्या बादशहाच्या धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती आणि दुष्काळात ती त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली. दुसऱ्याचे धान्य देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? शंका खरी आहे. पण त्यांनी ते दिवसाढवळ्या केले, स्वतःच्या घरात दाणा नेला नाही आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवली. आणि कथेचा शेवट नीट पाहावा. पांडुरंग विठू महार होऊन दरबारात जातो तेव्हा बादशहाला शाप देत नाही. तो धान्याचे पैसे मोजून देतो आणि पावती घेतो. भक्तासाठी धावलेल्या देवानेही हिशेब बुडवला नाही. धर्मकार्याच्या नावाखाली वही न दाखवणाऱ्या प्रत्येकाने ही पावती लक्षात ठेवावी.

नगरजवळच्या हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाऊस किती, पाणी किती आणि त्यावर कोणती पिके घ्यायची, हे सगळ्यांसमोर ठरते. शेतीसाठी बोअर घेण्याला गावानेच बंदी घातली आहे. विहीर ज्याची त्याची असली तरी पाझर सगळ्यांचा आहे, हे तेथे मान्य झाले आहे. हाच रिवाज दिंडीच्या भिशीला, मंदिराच्या दानपेटीला आणि सप्ताहाच्या वर्गणीला का नसावा? समाप्तीच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर जमाखर्च वाचायला पाव तास लागतो. महाप्रसाद तेवढा थांबू शकतो.

आणि ज्यांच्या राखणीवर आपण चाखतो, त्यांचे काय? बुडालेल्या शेताचा धनी आणि पाट्या उचललेली म्हातारी, दोघांचे ऋण नुसत्या नमस्काराने फिटत नाही. ज्याची विहीर भरली त्याने वरच्या घराला पिण्याचे पाणी नाकारू नये. तळ्यातला गाळ निघेल तेव्हा ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याच्या रानातही चार खेपा पडाव्यात. आणि मृग निघण्याआधी, वारीची तयारी चालू असताना, गावच्या वारकऱ्यांनी एक सकाळ बांधावर जावे. बांधावर वाढलेली झुडपे लहान असतानाच काढावीत, मोठ्या मुळांच्या वाटेने पाणी शिरते. घुशींची बिळे बुजवावीत. सांडव्यातली पोती आणि दगड उचलावेत. पायथ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे आणि गढूळ दिसले तर त्याच दिवशी कळवावे, पुन्हा पुन्हा कळवावे. मग खुशाल पंढरीची वाट धरावी. मागे पाऊस आला तरी खालच्या वस्तीतली लेकरे निर्धास्त झोपतील.

रामकृष्ण हरी.