राजपुत्राचा शब्द आणि राजघराण्याचा कायदा

राजपुत्र आणि सामान्य घरातील मुलगी यांची प्रेमकथा लोककथेत लग्नापाशी सुफळ संपूर्ण होते. पुढे त्या मुलीचे काय झाले, हे विचारण्याची तेथे रीत नाही. जपानच्या सम्राज्ञी मासाको यांची कथा मात्र लग्नानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि ती समजून घ्यायची तर राजपुत्राच्या मनापेक्षा राजघराण्याच्या कायद्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

मासाको ओवादा यांचा जन्म १९६३चा. वडील मुत्सद्दी असल्यामुळे त्यांचे लहानपण मॉस्को आणि न्यूयॉर्कमध्ये गेले, आणि १९८५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देण्याचा कायदा जपानमध्ये १९८६ साली अमलात आला, आणि त्याच वर्षी परराष्ट्र सेवेची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. अमेरिकेशी चाललेल्या व्यापारविषयक वाटाघाटींचे काम त्यांच्याकडे आले. एका पिढीने नुकत्याच उघडलेल्या दारातून आत गेलेली ही तरुणी होती, आणि तिला ते काम मनापासून आवडत होते.

युवराज नारुहितो यांची आणि त्यांची भेट १९८६ मध्ये स्पेनच्या राजकन्येसाठी योजलेल्या एका समारंभात झाली. पुढे आलेली लग्नाची मागणी मासाको यांनी लगेच मान्य केली नाही. होकार आला तो १९९२च्या डिसेंबरमध्ये. आयुष्यभर सर्व शक्तीनिशी तुमचे रक्षण करीन, असा शब्द युवराजांनी दिल्याचे त्यांनी जानेवारी १९९३च्या वार्ताहर परिषदेत सांगितले. त्या दिवशीचा पिवळा पोशाख जपानमध्ये आजही अनेकांना आठवतो. ९ जून १९९३ रोजी ‘जुनिहितोए’, म्हणजे एकावर एक थर चढवलेला, दहा किलोंहून अधिक वजनाचा पारंपरिक दरबारी पोशाख लेवून त्या राजघराण्यात आल्या.

युवराजांचा शब्द खरा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तो एका माणसाने दिलेला शब्द होता आणि समोर १९४७चा राजघराणे कायदा उभा होता. सिंहासनावर फक्त पुरुषवंशातील पुरुषच बसेल, असे या कायद्याचे पहिलेच कलम सांगते. हा नियम फार प्राचीन आहे असे मानले जाते, पण जपानच्या इतिहासात आठ स्त्रिया सम्राटपदावर बसल्या होत्या आणि स्त्रियांना लेखी कायद्याने वगळले गेले ते १८८९ साली. याहून महत्त्वाची बाब अशी, की पुरुषवंश अखंड राहिला तो उपस्त्रिया ठेवण्याच्या प्रथेच्या आणि राजघराण्याच्या अनेक शाखांच्या आधारावर. खुद्द सम्राट ताइशो हे उपस्त्रीचे पुत्र होते. १९४७च्या कायद्याने औरस संततीलाच वारसा दिला आणि त्याच वर्षी अकरा शाखा राजघराण्यातून बाहेर काढल्या गेल्या. म्हणजे दोन्ही आधार गेले, अट मात्र तशीच राहिली. पूर्वी अनेक कुटुंबांवर आणि अनेक स्त्रियांवर वाटला गेलेला भार अशा रीतीने एकदोन सुनांच्या कुशीवर येऊन पडला, आणि १९६५ नंतर राजघराण्यात मुलगाच न जन्मल्यामुळे तो दरवर्षी अधिक जड होत गेला.

परदेशी जाऊन आपल्या देशाच्या वतीने बोलणे हे मासाको यांचे कसब होते, पण परदेश दौरे विरळ होत गेले, कारण वाट पाहिली जात होती ती मुलाची. १९९९ मध्ये गर्भपात झाला, १ डिसेंबर २००१ रोजी राजकन्या आइको जन्मली, आणि मुलगी झाली म्हणून वाट पाहणे थांबले नाही. २००३ अखेर त्या सार्वजनिक जीवनातून दूर झाल्या. मे २००४ मध्ये युवराजांनी, मासाको यांची कारकीर्द आणि त्यांचे व्यक्तित्व नाकारणाऱ्या गोष्टी घडल्या, असे वार्ताहरांसमोर उघडपणे सांगितले. ‘कुनाइचो’ या राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यावरचा हा ठपका आहे, असाच त्याचा अर्थ लावला गेला. जुलैमध्ये मासाको यांच्या आजाराचे निदान जाहीर झाले: समायोजन विकार, म्हणजे परिस्थितीच्या ताणाशी जुळवून घेता न आल्याने मनाला येणारे आजारपण. हे नाव वैद्यकशास्त्राला पुरेसे असेल, पण त्यात जुळवून घेण्याची जबाबदारी आजारी माणसावरच राहते. येथे जुळवून घ्यायला हवे होते ते कायद्याने.

तशी संधी आलीही होती. पंतप्रधान कोइझुमी यांनी नेमलेल्या समितीने २००५च्या नोव्हेंबरमध्ये स्त्रियांनाही वारसाहक्क द्यावा अशी शिफारस केली. पण लवकरच युवराजांच्या भावजय गरोदर असल्याची बातमी आली, विधेयक बाजूला ठेवले गेले आणि सप्टेंबर २००६ मध्ये राजपुत्र हिसाहितो जन्मले. एका बाळाच्या जन्माने प्रश्न सुटला असे मानणे ही त्या वेळची गंभीर चूक होती, कारण तोच भार आता त्या मुलाच्या भावी पत्नीसाठी राखून ठेवला गेला आहे.

१ मे २०१९ रोजी मासाको सम्राज्ञी झाल्या, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी व त्यांच्या पत्नीशी दुभाष्याशिवाय बोलताना जपानने त्यांना पाहिले. सव्वीस वर्षे बाजूला पडलेले कसब जराही गंजले नव्हते. त्यांची एकुलती एक कन्या आइको २०२४ पासून जपानी रेड क्रॉस संस्थेत नोकरी करते. आजच्या कायद्यानुसार ती सिंहासनावर बसू शकत नाही, आणि सामान्य घरातील तरुणाशी विवाह केल्यास तिला राजघराणेही सोडावे लागेल.