दुसऱ्याच्या भीतीचा रस

1976 सालच्या डिसेंबरात पुण्यात संध्याकाळी दाराची बेल वाजली, तर आतून आधी नाव विचारले जाई. आणि नाव ओळखीचे निघाले तरी कडी काढणारा हात क्षणभर थबके. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात त्या शहरात दहा माणसे मारली गेली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने हे प्रकरण पुढे ओळखले गेले. त्यातले गुन्हेगार कुणी सराईत दरोडेखोर नव्हते, कला महाविद्यालयात शिकणारी पोरे होती. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली आणि कायद्याचे काम संपले. लोकांचे मात्र संपले नाही. 1986 मध्ये त्यावर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला, लेख आले, पुस्तके आली. आता त्याच प्रकरणाच्या कहाण्या माणसे रात्री दिवा मालवून, कानात हेडफोन घालून ऐकतात. ज्या गोष्टीने एका शहराची झोप उडवली, ती झोप येईपर्यंतची सोबत झाली आहे. हा बदल मला साधा वाटत नाही. खऱ्या खुनांची पुस्तके मीही वाचतो, माहितीपट पाहतो, त्यामुळे हा प्रश्न मला लांबून न्याहाळता येत नाही.

ही ओढ आजची नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात लिऑन्टियस नावाच्या एका माणसाची लहानशी हकीकत आहे. पिरेयस बंदराकडून अथेन्सकडे येताना तटाच्या बाहेर त्याला जल्लादाजवळ पडलेली प्रेते दिसतात. बघावेसे वाटते आणि त्याच क्षणी किळसही येते. काही वेळ तो तोंड झाकून स्वतःशी झगडतो. शेवटी हरतो, डोळे ताणून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देतो. माणसाच्या मनात वासना आणि संताप या दोन वेगळ्या शक्ती असतात आणि कधीकधी दुसरी पहिलीवर चालून जाते, हे दाखवायला प्लेटोने ही गोष्ट सांगितली. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो झाकलेल्या तोंडाचा थोडा वेळ. लिऑन्टियसला बघण्याआधी लाज वाटली. आपल्याला ती वाटण्याइतकी फुरसतच मिळत नाही. एक भाग संपता संपता पुढचा आपोआप सुरू होतो.

पुण्याचीच त्याहून जुनी गोष्ट घ्या. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला आजही जीव वाचवायला काकांकडे धावलेल्या त्या मुलाची हाक ठाऊक असते, आणि काकू आनंदीबाईंनी पत्रात ‘ध’चा ‘मा’ केला हेही ठाऊक असते. त्या फिरवलेल्या अक्षराला इतिहासकारांना भक्कम पुरावा मिळालेला नाही. तरी अडीचशे वर्षे आपण ते अक्षर सोडत नाही. गारद्यांच्या थकलेल्या पगाराची, दरबारातल्या फाटाफुटीची, कैदेत कुढणाऱ्या काका रघुनाथरावांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. तिच्यात दुष्टपणा अनेकांत थोडाथोडा वाटला गेलेला आहे. अक्षराच्या गोष्टीत तो एका बाईच्या बोरूत येऊन बसतो. खुनाच्या कहाणीकडून आपल्याला नेमके हेच हवे असते.

या ओढीची कारणे अनेकांनी शोधली आहेत, आणि त्यांतली काही आदराने ऐकावीत अशी आहेत. अमेरिकेत अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त ओढून घेतात, असे त्यांना आढळले; त्यातही बळी ठरू पाहणारी स्त्री कशी निसटली, कोणती युक्ती तिने वापरली, हे सांगणारी पुस्तके स्त्रिया पसंत करतात. म्हणजे काहींसाठी हे वाचन सावधपणाचे शिक्षण असते. रात्री एकटीने घरी परतणाऱ्या मुलीला अशा वाचनाबद्दल कुणी नाक मुरडून उपदेश करू नये. पण शिक्षण एकदा घेऊन पुरते. तीच कहाणी तिसऱ्यांदा, वेगळ्या निवेदकाच्या तोंडून, तपशील आधीच पाठ असताना ऐकावीशी का वाटते, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

मला उत्तराच्या जवळ नेले ते हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरातल्या अभिनवगुप्ताने. भयानक आणि बीभत्स यांना भरताने रसांच्या पंगतीत बसवलेच होते. प्रत्यक्ष आयुष्यात ज्यापासून आपण पळ काढतो त्याचा नाटकात आस्वाद कसा घेता येतो, हा प्रश्न अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त खोलवर जाऊन सोडवला. त्यासाठी त्याने घेतलेले उदाहरण ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले आहे: दुष्यंताचा रथ मागे लागलेला, मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहत पळणारे हरीण. ते पाहताना प्रेक्षकाला भीती जाणवते. पण मी भ्यालो आहे, तो भ्याला आहे, तो माझा शत्रू आहे किंवा मित्र आहे, असे काहीच तिला चिकटलेले नसते. ते हरीण अमुक रानातले, अमुक दिवशीचे नसते. भीती सुटी होते, सर्वांची होते. हे साधारणीकरण. भीती जोवर कुणाची तरी असते, कुठल्या तरी ठिकाणाला आणि काळाला बांधलेली असते, तोवर रसाला विघ्नच होते, असे तो स्पष्ट सांगतो. कारण मग बघणाऱ्याच्या मनात पळून जावे, मदतीला धावावे, लपावे अशा दुसऱ्याच वृत्ती उठू लागतात.

आता खऱ्या गुन्ह्याच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहा. तिथे सगळ्यात ठळक अक्षरांत छापलेले असते की ही घटना सत्य आहे. अभिनवगुप्ताने जे विघ्न म्हणून बाजूला काढले, तेच इथे विकायला ठेवलेले असते. या हरणाला नाव आहे. त्याच्या घराला पत्ता आहे, तारीख आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे, पंचांच्या सह्यांचा पंचनामा आहे. आणि तरीही आपण मदतीला धावू शकत नाही, कारण ते मरून वर्षे लोटली. पळावे लागत नाही, कारण शिकारी गजाआड आहे किंवा फासावर गेला आहे. वास्तवाचा सगळा दाह मिळतो आणि वास्तव जी मागणी करते तिच्यातून सूटही मिळते. मन अस्वस्थ होते ते याच जागी, असे मला वाटते. आपण जे चाखतो ते रस नव्हे. आणि जे भोगतो ते दुःखही नव्हे. दुःख कुणाचे आहे ते ठाऊक असते, फक्त ते आपल्यापर्यंत दुःख म्हणून येत नाही.

ट्रुमन कपोटीने या दोन्ही गोष्टी एकत्र बांधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न केला. 15 नोव्हेंबर 1959 च्या पहाटे कॅन्सासमधल्या हॉल्कम्ब गावात क्लटर कुटुंबातल्या चार जणांचा खून झाला: आई, वडील, सोळा वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा मुलगा. घरात दहा हजार डॉलरची तिजोरी आहे अशी तुरुंगात ऐकलेली बातमी खरी धरून दोघे जण आले होते. तिजोरी नव्हतीच. हाती पन्नास डॉलरसुद्धा लागले नाहीत. कपोटीने काही वर्षे त्या गावात आणि पुढे तुरुंगातल्या कोठडीत जाऊन माहिती गोळा केली. पुस्तक बरेचसे लिहून झाले होते, शेवट तेवढा हवा होता; आणि शेवट म्हणजे त्या दोघांची फाशी. ती 14 एप्रिल 1965 रोजी झाली, कपोटी तिथे हजर होता, आणि 1966 च्या सुरुवातीला ‘इन कोल्ड ब्लड’ प्रसिद्ध झाले. गद्याची कारागिरी म्हणून ते अजोड आहे. पण त्यातला कोणता माणूस वाचकाच्या मनात राहतो? जखमांनी अधू झालेल्या पायांचा, गिटार वाजवणारा, शब्दांच्या याद्या करणारा पेरी स्मिथ, त्या दोघा खुन्यांपैकी एक. त्याच्या बालपणाची, स्वप्नांची, अपमानांची पाने आपण हळवे होऊन वाचतो. क्लटर बाईंचे त्यात आलेले चित्र मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या मुलींना पटले नाही. आणि जे पुस्तक अक्षरशः खरे असल्याचा दावा घेऊन आले, त्याचा स्मशानातला शांत शेवट लेखकाने कल्पनेने रचलेला होता. सत्य घटनेतून कपोटीला हवा तसा शेवट मिळाला नाही, म्हणून त्याने तो साहित्यातून आणला. अभिनवगुप्ताला यात नवल वाटले नसते.

खुनी मनात राहतो याचे एक साधे कारण आहे. तो बोलतो. मेलेले बोलत नाहीत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. कोठडीत माणूस काय बोलतो आणि का बोलतो, याबद्दल कायदा संशयी आहे, आणि तो तसाच असावा. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांत मात्र कळस नेमका तिथेच गाठला जातो. टेबलावर हात आपटला जातो, आरोपी कोसळतो, सगळे सांगून टाकतो. न्यायालय ज्या दृश्याला किंमत देत नाही त्यासाठीच आपण तासभर बसलेले असतो. आपल्याला ‘का’ ऐकायचे असते. हॉल्कम्बमधले ‘का’ न मिळालेल्या तिजोरीपुढे संपते. पुण्यातल्या ‘का’च्या तळाशी पैसा, बढाई आणि एकमेकांना मागे हटू न देणारी टोळी एवढेच हाती लागते. त्या क्रूरतेच्या मानाने कारण इतके किरकोळ असते की आपण ते पुरेसे मानत नाही आणि पुढची कहाणी उघडतो, तिथे तरी मिळेल म्हणून.

जोशी-अभ्यंकर प्रकरणातली पाच माणसे 1 डिसेंबर 1976 च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या एका बंगल्यात मारली गेली. त्यांतले एक होते काशीनाथशास्त्री अभ्यंकर. 1961 मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजने त्यांचा संस्कृत व्याकरणाच्या पारिभाषिक संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला. पाणिनीच्या परंपरेत काम करणारे देशोदेशींचे अभ्यासक तो आजही वापरतात. वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर केले. त्याला मुलाने प्रस्तावनाखंड जोडला. दोन पिढ्यांनी मिळून व्याकरणातला हा सर्वांत अवघड ग्रंथ मराठी माणसाच्या हातात ठेवला. हे काम किती जणांना ठाऊक आहे? आणि त्यांच्या घरात त्या रात्री काय घडले, हे किती जणांना तोंडपाठ आहे? एका विद्वानाचे सगळे आयुष्य त्याच्या शेवटच्या तासाने गिळून टाकले, आणि त्याला त्या चौघांइतकेच त्यांच्यानंतरचे सांगणारे आणि ऐकणारे कारण आहेत.

त्याच घरात त्याच रात्री घरकाम करणारी बाईही मारली गेली. शास्त्रीबुवांचा कोश निदान ग्रंथालयाच्या फळीवर आहे. त्या बाईंचा उल्लेख बहुतेक कथनांत मोलकरीण या एका शब्दात आटोपतो. त्या कुठल्या, त्यांची वाट पाहणारे कोण होते, याची चौकशी करायला कुणी थांबत नाही. 2008 च्या नोएडातल्या आरुषी तलवार या मुलीच्या खुनाच्या प्रकरणातही हेच घडले. घरकाम करणाऱ्या हेमराजवर पहिल्या दिवशी संशय घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचे प्रेत सापडले. त्यानंतरही वर्षानुवर्षे देशाने चर्चा केली ती घरातल्या इतरांची.

असे असूनही हा सगळा लेखनप्रकार टाकाऊ आहे असे म्हणायला मी तयार नाही. अविरूक सेन यांचे आरुषी प्रकरणावरचे पुस्तक 2015 मध्ये आले आणि तपासातल्या व खटल्यातल्या उणिवा त्याने एकेक करून मांडल्या. खुनासाठी दोषी ठरवल्या गेलेल्या आरुषीच्या आईवडिलांची उच्च न्यायालयातून सुटका झाली ती त्यानंतर, 2017 मध्ये. एरॉल मॉरिसचा ‘द थिन ब्लू लाइन’ हा माहितीपट 1988 चा. डॅलसमधल्या एका पोलिसाच्या खुनाबद्दल रँडल अ‍ॅडम्स हा माणूस 1976 पासून अडकला होता, त्याला आधी मृत्युदंड झालेला होता. साक्षीदारांचे खोटे त्या चित्रपटाने कॅमेऱ्यासमोर आणले आणि पुढच्या वर्षी अ‍ॅडम्स सुटला. या दोन्ही ठिकाणी कुतूहल कुणाच्या तरी कामी आले. भीती पुन्हा तिच्या मालकाच्या नावावर लागली, आणि वाचकाला मदतीला धावण्याची, उशिरा का होईना, एक वाट सापडली.

आणखी एक वाट हॅली रूबेनहोल्ड या इतिहासलेखिकेने 2019 मध्ये ‘द फाइव्ह’ या पुस्तकात दाखवली. 1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात मारल्या गेलेल्या पाच स्त्रियांचे हे चरित्र. त्यांच्या खुन्याला दिलेले टोपणनाव जगभर पोचले. त्याच्या नावाने सहली निघतात, खेळ निघतात. रूबेनहोल्ड खुनांचे वर्णन करतच नाही. ती जन्मदाखले, विवाहनोंदी, गरिबांच्या आश्रयगृहांची दप्तरे चाळते. पाचही जणी वेश्या होत्या असे सव्वाशे वर्षे गृहीत धरले गेले. त्यांतल्या तिघींच्या बाबतीत त्याला पुरावाच नाही, असे ती दाखवते. एक स्वीडनहून आलेली शेतकऱ्याची मुलगी, एक गाडीवानाची दारूने पोखरलेली बायको. एक तर जोडीदाराबरोबर गावोगाव फिरून गाण्यांची चोपडी विकणारी. आणि त्या काळी अशा चोपड्यांत खुनांची आणि फाशांची गाणी सर्वांत जास्त खपत. ते पुस्तक वाचताना मला भीती वाटली नाही. राग आला. लिऑन्टियसच्या मनात वासनेवर चालून गेलेला तोच राग.

म्हणून वाचकाला माझी विनंती वाचन सोडण्याची नाही. पुढच्या वेळी अशी कहाणी हाती घ्याल तेव्हा पहिल्या काही पानांतच पाहा: मारल्या गेलेल्या माणसाचे काम काय होते, त्याची माणसे कोण होती, तो कशावर हसत असे, यातले लेखकाने काही शोधले आहे का. शोधले असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि त्या माणसाचे लिहिलेले, केलेले काही उरले असेल तर तेही मिळवून वाचा. ज्या पुस्तकात त्याची आणि आपली पहिली भेट त्याच्या प्रेतापाशी होते आणि शेवटचीही तिथेच, ते पुस्तक कितीही कसबाने लिहिलेले असो, मिटून ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे.