थांबविणारा हात

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की घनसावंगीच्या रस्त्यांचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याच्या दिशेने जाऊ लागतात. अशाच एका सायंकाळी शाळा सुटत असताना मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. शाळेच्या शिपाईमामांनी हात वर करून एक ट्रॅक्टर थांबविला. चालक चिडून म्हणाला, “तू पोलीस हायेस का? गाडी थांबवायचा तुला काय अधिकार?” मामा शांतपणे उत्तरले, “पोलीस न्हाय मी. पण लेकरं हायेत.”

मुले पलीकडे गेली, ट्रॅक्टरही गेला. चालकाचा प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिला.

कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न गैर नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 119 वे कलम वाहतूक नियमनासाठी नेमलेल्या पोलिसाचा आदेश पाळण्यास चालकाला बांधून घालते. 1989 च्या रस्तानियमांत पोलिसाबरोबर ‘अधिकार दिलेली व्यक्ती’ असाही उल्लेख होता. म्हणजे अधिकार शिट्टीतून किंवा गणवेशातून उपजत नाही. तो कोणीतरी द्यावा लागतो. आपल्या शाळांतील आर.एस.पी.ची मुले शिस्त शिकतात, सोबत्यांना कडेला थोपवून धरतात; पण धावत्या वाहनापुढे उभे राहण्याचे ओझे कोवळ्या खांद्यांवर टाकणे योग्य नव्हे. इंग्लंडमध्ये 1953 साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. शाळेपाशी नेमलेल्या व्यक्तीने ठरावीक फलक दाखविला, की वाहन थांबलेच पाहिजे; न थांबणे हा गुन्हा ठरला.

मग मामांचा हात निरर्थक होता काय? घाईने उत्तर देऊ नये. सणासुदीला रस्त्यावर दोरी आडवी धरून वर्गणी मागणारी टोळकी आपण पाहतो. वाहन तीही थांबवितात. उचललेल्या प्रत्येक हाताला कायद्याने मान तुकवावी, असे म्हटले तर रस्ता बळवंताच्या मालकीचा होईल. म्हणून अधिकार मोजून-मापून देणारा कायदा शहाणा आहे. संत थॉमस अक्वाइनस यांच्या मते कायदा म्हणजे समाजाची काळजी वाहणाऱ्याने सर्वांच्या हितासाठी जाहीर केलेली विवेकाची आज्ञा. वर्गणीच्या दोरीत विवेक नाही आणि सर्वांचे हितही नाही. मामांच्या हातात या दोन्ही गोष्टी होत्या; उणीव होती ती फक्त नेमणुकीची.

मत्तयच्या शुभवर्तमानातील शताधिपती आठवावा. आपण स्वतः दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहोत, म्हणूनच आपल्या शब्दाला वजन आहे, हे त्याने ओळखले होते. मामाही कोणाच्या तरी अधीन होते. ते अधीन होते त्या लेकरांच्या गरजेला. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितले नाही.

खरे तर चालकाचे कर्तव्य मामांचा हात वर होण्यापूर्वीच सुरू झाले होते. 2017 च्या वाहनचालनाच्या विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांवर चालकाने वेग कमी करावा, प्रसंगी थांबावे आणि पायी जाणाऱ्याला वाट द्यावी. पट्टे पुसले गेले किंवा मुळात आखलेच नाहीत, म्हणून सद्सद्विवेकाची रेघ पुसली जात नाही. या विनियमांच्या दहा वर्षे आधी, 2007 साली, व्हॅटिकनने चालकांसाठी दहा आज्ञांच्या धर्तीवर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. वाहनाला सत्ता गाजविण्याचे साधन करू नये आणि रस्त्यावर दुबळ्याचे रक्षण करावे, असे त्यात सांगितले आहे. “तुला काय अधिकार?” असे विचारणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, “न थांबण्याचा मला काय अधिकार?”

तरीही केवळ सद्‌भावनेवर मुलांचे प्राण सोपविता येत नाहीत. सगळेच चालक थांबतील असे नाही, आणि मामांच्या अंगावर कवच नाही. म्हणून पालकांनी, शाळा समितीने आणि ग्रामस्थांनी मिळून पोलीस ठाण्याकडे शाळा सुटण्याच्या वेळेसाठी माणूस मागावा. पट्टे आणि गतिरोधक मागावेत. चांगुलपणाला अधिकाराची जोड मिळवून देणे हेही प्रेमाचेच कृत्य आहे.

आणि ती जोड मिळेपर्यंत, बंधुभगिनींनो, आपल्यापैकी जो कोणी स्टिअरिंगवर बसेल, त्याने वर झालेल्या हातामागची लेकरे पाहावीत. बालकांना जवळ येऊ द्या, असे शिष्यांना बजावणाऱ्या प्रभूला आपण मानतो. त्यांना रस्त्यापलीकडे सुखरूप जाऊ देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.