चूक एकाची, जबाबदारी कोणाची?

२९ जून २०१३ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीच्या शंभराव्या पर्वाचा आरंभ कॉर्सिका बेटावर झाला. पहिल्या दिवसाचा टप्पा पोर्तो-व्हेकियोहून बास्तियापर्यंत २१३ किलोमीटरांचा होता. स्पर्धक बास्तियाच्या जवळ येत असताना ओरिका-ग्रीनएज या ऑस्ट्रेलियन संघाची उंच बस अंतिम रेषेवरील कमानीखाली जाऊन अडकली. ती पुढेही सरेना आणि मागेही येईना. दीडशेहून अधिक सायकलपटू वेगाने त्याच दिशेने येत होते. तेव्हा पंचांनी घाईने निर्णय घेतला की, शर्यत तीन किलोमीटर अलीकडेच संपेल. हा निरोप काहींना मिळाला, काहींना मिळाला नाही. इतक्यात चाकांतील हवा काढून बस बाजूला घेण्यात आली आणि मूळची अंतिम रेषा पुन्हा कायम झाली. या गोंधळातच अनेक स्पर्धक एकमेकांवर कोसळले. वेल्सच्या गेरेंट थॉमसच्या ओटीपोटाच्या हाडाला तडा गेला.

मग प्रश्न उभा राहिला : दोषी कोण? संयोजकांच्या बाजूने बोट चालकाकडे दाखवण्यात आले. तो उशिरा आला आणि कमानीखालून जाण्यापूर्वी त्याने विचारणा केली नाही, असे त्यांचे म्हणणे. संघाने सांगितले की, बसला त्या वाटेने नेण्यात आले, म्हणून पुरेशी उंची असेलच असे गृहीत धरले. शिवाय हीच बस आदल्या वर्षीच्या शर्यतीतही होती. अखेर संघाला २,००० स्विस फ्रँकचा दंड झाला.

हे सारे वाचताना एदेन बागेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. देवाने विचारले तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, हव्वेने सर्पाकडे. दोघेही खोटे बोलले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हव्वेने फळ दिले होते हे खरे, सर्पाने भुलवले होते हेही खरे. तरीही ती उत्तरे अपुरी होती. कारण देवाने ज्याला त्याला त्याच्या स्वतःच्या कृतीविषयी विचारले होते.

दोषाचे माप कसे घ्यावे? निर्गमाच्या पुस्तकातील बैलाचा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. बैलाने कोणाला हुंदडून ठार केले, तर एरवी मालक निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे त्याला आधी सांगितलेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालकच अपराधी. म्हणजे काय घडले याबरोबरच, कोणाला काय ठाऊक होते आणि ते टाळणे कोणाच्या हाती होते, हेही पाहावयाचे. या मापाने बास्तियाच्या चालकाची चूक खरी, पण लहान ठरते. कमानीची उंची ठरवणे आणि वाहनांना मार्ग देणे हे संयोजकांचे काम होते. शर्यत चालू असताना अंतिम रेषा हलवण्याचा अधिकार पंचांचा होता आणि तो निर्णय प्रत्येकाच्या कानी पोहोचवण्याचे कर्तव्यही त्या अधिकाराबरोबरच आले होते. बस अडकल्याने वाट बंद झाली. स्पर्धक कोसळण्यात मात्र अपुऱ्या निरोपाचा वाटा मोठा दिसतो. तरी लोकांच्या नजरेत भरली ती बसच. सर्वांत उघड दिसणारा मनुष्य बहुधा सर्वांत कमी अधिकाराचा असतो. म्हणूनच त्याच्या माथी दोष मारणे सोपे जाते.

मात्र प्रत्येक चालक असा निर्दोषप्राय असतो असे नव्हे. १० जुलै २०११ रोजी याच शर्यतीत फ्रान्सच्या दूरचित्रवाणीची एक मोटार, स्पर्धकांना ओलांडू नये ही सूचना डावलून पुढे गेली आणि झाड चुकवताना हुआन अन्तोनियो फ्लेचा याच्यावर आदळली. त्याच्या धक्क्याने जॉनी होगरलँड काटेरी तारेच्या कुंपणावर फेकला गेला. त्याला ३३ टाके पडले. येथे सूचना होती, ती मोडली गेली आणि मोटार शर्यतीतून काढण्यात आली. होगरलँडने मात्र त्या दिवशी, असे कोणी मुद्दाम करीत नाही, या आशयाचे उद्गार काढले. ही क्षमाशीलता ख्रिस्ती मनाला भावते. परंतु क्षमा करणे हा जखमी झालेल्याचा अधिकार आहे; ज्यांच्या हाती व्यवस्था होती, त्यांनी त्या क्षमेच्या आडोशाला उभे राहू नये.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात एक विलक्षण विधी सांगितला आहे. शेतात एखादा मारलेला मनुष्य सापडला आणि मारणारा कळला नाही, तर आसपासच्या नगरांचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ, तेथील वडिलांनी पुढे यावे, हात धुवावे आणि लोकांसाठी देवाकडे क्षमा मागावी. त्यांनी खून केलेला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगावयाचे, तरीही यावयाचे. पिलातानेही हात धुतले होते. पण वडील अंतर मोजून प्रेताजवळ आले होते आणि पिलात, सुटका करण्याचा अधिकार हाती असताना, त्या निर्दोष मनुष्यापासून दूर झाला होता.

बास्तियाला त्या संध्याकाळी पंचांनी एक योग्य गोष्ट केली. टप्पा जर्मनीच्या मार्सेल किटेलने जिंकला, परंतु सर्व स्पर्धकांना त्याच्याइतकीच वेळ देण्यात आली. गोंधळामुळे कोणाचेही एक सेकंदाचे नुकसान राहिले नाही. दोषी कोण याचा वाद मिटण्याची वाट न पाहता, जे भरून देता येण्याजोगे होते ते भरून देण्यात आले. थॉमसचे हाड मात्र कोणत्याही निर्णयाने सांधणार नव्हते. तो ती वेदना घेऊन पॅरिसपर्यंत गेला.

आपल्या मंडळ्यांतून, शाळांतून आणि संस्थांतून असे प्रसंग येतच असतात. जयंतीचा मांडव कोसळतो, सहलीची गाडी उलटते, आणि चौकशी मांडववाल्यापाशी किंवा चालकापाशी येऊन थांबते. समितीच्या सभासदांपैकी प्रत्येक जण म्हणतो की, ते काम माझ्याकडे नव्हते. आणि बहुधा ते खरेही असते. अनुवादातच नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा अशी आज्ञा आहे. कोणी पडण्यापूर्वी पाळावयाची ही आज्ञा आहे. तो कठडा घालावयाचा राहून गेला आणि कोणी पडले, तर निदान जवळच्या नगराच्या वडिलांप्रमाणे आपण पुढे यावे, पडलेल्याला उठवावे आणि मगच दोषाचा हिशेब मांडावयास बसावे. त्या हिशेबात पहिले नाव लिहिताना लेखणी स्वतःकडे वळवण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.