कामाचे दाम आणि सम्यक आजीविका

“पाच मिनिटांचे तर काम, त्याचे एवढे पैसे?” वायरमनला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आय.टी.आय.मधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन या धंद्यात पडली आहेत. त्यांनी आपल्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे दाम किती घ्यावेत? कोणी म्हणेल, हा बाजाराचा प्रश्न आहे, धम्माच्या पाक्षिकात कशाला? पण अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्वतंत्र स्थान आहे, आणि आजीविका म्हटली की दाम आलेच.

आपल्या आजा-पणजांनी कामाचा भाव कधी सांगितला नाही. काम गावाने आणि सरकारने सांगायचे, आणि बलुते किती घालायचे, घालायचे की नाही, हे खळ्यावरच्या मालकाने ठरवायचे. १९२८ साली परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रकमेची आकारणी व्हावी, ही त्यातील एक मागणी होती. पुढे वतने गेली, पण सवय गेली का? काम आटोपून आपला मुलगा दारात उभा राहतो आणि म्हणतो, “द्या काय द्यायचे ते.” त्याला वाटते, ही नम्रता आहे. बंधूंनो, ही खळ्यावरची भाषा आहे. ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने कामाला हात लावण्यापूर्वी भाव सांगावा.

मात्र भाव सांगण्याचा हक्क म्हणजे वाटेल तो भाव सांगण्याचा हक्क नव्हे. मग तो कशावर ठरावा? विजेच्या सुरक्षिततेचे केंद्रीय नियम येथे चांगली वाट दाखवतात. दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसेच्या तसे बदलणे एका बाजूला ठेवले आहे. ज्या कामाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलते, ते परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. म्हणून बटण बदलताना प्रमाणपत्राचा भाव लावू नये. ते काम शिकाऊही करतो. पण घरात नवा पंप बसवायचा, नवी लाइन ओढायची, तेव्हा तार किती जाडीची हवी याचा जो निर्णय असतो, त्याचे दाम जास्तच असणार. चुकले तर घर जळते, माणूस जातो.

अनुभवाचेही तसेच. बिघाड नेमका कोठे आहे हे जाणता माणूस पाच मिनिटांत सांगतो, तेव्हा गिऱ्हाइकाने त्या पाच मिनिटांमागची वर्षे मोजावीत. परंतु वीस वर्षे एकच चूक करीत आलेलेही पुष्कळ आहेत. नुसत्या वर्षांचे दाम मागू नयेत. आणि ज्याचा हात उत्तम पण कागद नाही, अशा आपल्या वडीलधाऱ्यांना कमी लेखू नये. शाळेचे दार त्यांच्यासाठी कोणी बंद केले, हे आपण जाणतो. त्यांनी मात्र नसलेला परवाना आहे असे सांगू नये. चौथे शील तेथे आड येते.

आता मोहाची जागा सांगतो. आपल्याकडे घराच्या वायरिंगचा भाव पॉइंटवर ठरतो. गिऱ्हाईक घासाघीस करते, वायरमन कबूल होतो, आणि मग अर्थिंगची हिरवी तार गाळतो. दिवा तिच्यावाचूनही लागतो. कोणाला कळत नाही. पुढे एखाद्या दिवशी बाई ओल्या हाताने फ्रिजला हात लावते तेव्हा कळते. कमी भाव कबूल करून कमी काम देणे आणि ते न सांगणे, हे अदिन्नादान आहे. परवडत नसेल तर नाही म्हणावे.

मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची लक्षणे आली आहेत: ढोंग, लाघवी बोलणे, आडून सुचवणे, दुसऱ्याला हिणवणे, लाभाने लाभ साधणे. आपल्या धंद्यातील कितीतरी गोष्टी त्यात बसतात! “आधीचा कोण गाढव होता?” असे म्हणून भाव वाढवणे, किंवा महाग माल घ्यायला लावून दुकानदाराकडून गुपचूप कमिशन घेणे. मजुरी उघडपणे पुरेशी मागितली, तर या आडमार्गांची गरज बरीचशी सरते.

शेवटी आपल्याच माणसांची तक्रार. “आपलाच आहे, मग एवढे का घेतोस?” आपलाच आहे म्हणून त्याने उपाशी राहावे काय? परक्याला पुरते दाम देणारे आपण आपल्या मुलाशी मात्र घासाघीस करतो. विहाराच्या रोषणाईचे काम असेल तर त्याने हिशेब पुरा मांडावा, आणि सोडायचे असेल तेवढे दान म्हणून वेगळे लिहावे. पण हाताखालच्या पोराचा रोज त्यातून कापू नये. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाच्या कर्तव्यांत वेतन सांगितले आहे, आणि हे दान काही त्या पोराने दिलेले नाही.