जुलाब थांबल्यानंतरचे पंधरा दिवस

चि. मनूस,

तुझं पत्र मिळालं. बाळाचे जुलाब थांबले, औषधं बंद केली, पण पोर पार सुकून गेलंय आणि त्याच्या खाण्यावरून घरात दोन तट पडलेत, असं लिहिलंस. सासूबाई म्हणतात, पोटाला विश्रांती द्या, आठवडाभर साबुदाण्याच्या पेजेवर ठेवा. तुला पटत नाही, पण बोलायचं कसं? हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्या माझ्याच वयाच्या आहेत. रागावल्या तर माझ्यावर रागावतील.

पोटाला विश्रांती ही समजूत फार जुनी, आणि मायेपोटीच आलेली. पण जुलाब चालू असतानासुद्धा आतडं खाल्लेल्यातलं बरंचसं शोषून घेत असतं, आणि त्याचं सोलवटलेलं अस्तर पुन्हा भरून यायला अन्नच लागतं. नऊ महिन्यांच्या जिवाजवळ साठा तो काय असणार? उपास घडवला की अंगावरचं मांस झडतं, मग पुढचा आजार लवकर येतो आणि जास्त दिवस राहतो. दवाखान्यात नोकरी केली तेव्हा हे चक्र मी फार पाहिलं. म्हणून आजाराआधीचं वजन काट्यावर परत दिसेपर्यंत बाळ बरं झालं, असं मी म्हणत नाही.

आता नेमकं काय करायचं ते सांगते. अंगावरचं दूध मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा. नेहमीचं तीन-चार वेळचं खाणं असेल त्यात रोज एक जेवण वाढव, निदान दोन आठवडे. आजारातून उठलेलं मूल अधाशासारखं खातं, त्याला ‘पुरे आता, पोट बिघडेल’ म्हणून हात आखडू नका. तीच भूक वजन भरून काढते. गुरगुट्या भात, त्यात वरण, वर चमचाभर तूप. वरणाचं वरचं पाणी नव्हे हं, खालची घट्ट डाळ! पाण्याने पोट भरतं आणि जीव उपाशीच राहतो. साबुदाण्याच्या पेजेचंही तेच, निव्वळ पिष्ट. द्यायचीच असेल तर चवीपुरती द्या, पण जेवण म्हणून नको. नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, तुमच्याकडे चालत असेल तर अंडं नि काटे काढलेला मासा, सगळं चालेल. घास चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतपत दाट हवा. मध मात्र वर्षाच्या आत नको, गुटीतसुद्धा नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी क्वचित पण भयंकर आजार होतो.

आणि ‘औषधं बंद केली’ म्हणजे झिंकची गोळीही का? जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बहुतेक घरांत ती फडताळात जाते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम अशी 14 दिवस द्यायची असते. तिने आतड्याची डागडुजी होते आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याची शक्यता कमी होते. राहिलेल्या गोळ्या आजपासून सुरू कर, चमचाभर दुधात विरघळते.

जलसंजीवनीबद्दल सासूबाईंना शंका आहे म्हणतेस, ‘मीठ-साखरेच्या पाण्याने काय होणार?’ त्यांना 1971 ची गोष्ट सांग. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीने माणसं मरू लागली. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि पाजायचं काम आया-बापांवर, भावंडांवर सोपवलं. शेकडा तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. आतड्यात साखर मिठाला आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणून दोन्हींचं माप अचूक हवं, अंदाजपंचे नको. जलसंजीवनीचं एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं घालायचं, आणि उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबामागे पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दुकानातली गोड खोक्यातली पेयं घेऊ नकोस, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घे.

दात येतायत म्हणून जुलाब झाले, हे शेजारणीचं मत सोडून दे. याच वयात मूल रांगतं आणि सापडेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. त्यातून तू दुधाची बाटली वापरतेस असं मागे म्हणाली होतीस. तिचं रबरी बूच कितीही घासलं तरी साफ राहत नाही. वाटी-चमचा वापर.

पुन्हा जुलाब लागले आणि शीमध्ये रक्त दिसलं, बाळ दूध ओढेना, घेतलेलं सगळं उलटून टाकू लागलं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, किंवा ते झोपाळल्यासारखं पडून राहिलं, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. त्याच घटकेला दवाखाना गाठ, आणि वाटेत पाजत जा.

अंगणवाडीताईंकडून दर आठवड्याला वजन करून घे आणि कार्डावर टिपायला सांग. पंधरा दिवसांनी आकडा हलला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. आणि तू स्वतः काय जेवतेस ते पत्रात एका अक्षराने नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं, ही तुमच्या घरची रीत असेल तर तेही सासूबाईंना वाचून दाखव.

तुझी,
आत्या