मुकाट्यानें पाहणाराचा दोष

दुसऱ्याची कुचेष्टा आपण स्वतः केली नाहीं, केवळ जवळ उभें राहून पाहिली, तर आपण निर्दोष ठरतों काय? एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेनें १९४४ सालीं लिहिलेल्या 'द हंड्रेड ड्रेसेस', म्हणजे 'शंभर झगे', या मुलांच्या लहानशा पुस्तकांत हाच प्रश्न आहे.

वांडा पेट्रोन्स्की ही पोलंड देशांतून अमेरिकेंत आलेल्या गरीब कुटुंबांतील मुलगी. आई नाहीं, बाप व भाऊ एवढेंच घर. आडनांव वर्गांतील मुलांच्या जिभेस अपरिचित, आणि अंगावर रोज तोच विटलेला निळा झगा. तरी ती सांगते कीं, घरीं आपले शंभर झगे आहेत. मग पेगी नांवाची मुलगी शाळेपूर्वीं तिला गांठून, झगे किती, असें रोज विचारूं लागते, व मुलींची करमणूक होते. पेगीची मैत्रीण मॅडी हिला हें मनांतून रुचत नाहीं. परंतु तीहि गरीब, दुसऱ्यांचे जुने कपडे वापरणारी. आपण बोललों तर उद्यां आपली पाळी येईल, या भयानें ती गप्प राहते.

पुढें चित्रांच्या चढाओढींत वांडा पहिली येते. तिचे शंभर झगे कागदावर काढलेले असतात! पण ती वर्गांत नसते. बापाचें पत्र येतें कीं, आम्ही मोठ्या शहरीं चाललों. तेथें आमच्या नांवाची थट्टा होणार नाहीं. दोघी मैत्रिणी तिच्या घरीं धांवतात, तों घर रिकामें.

वाचकहो, दोघींत अधिक दोषी कोण? आपण दुष्टपणा करीत आहों, हें पेगीच्या ध्यानींहि नव्हतें, आणि ती लवकरच मनाचें समाधान करून घेते. मॅडीला मात्र सर्व कळत होतें. म्हणून तिची झोंप उडते. तिचें भय खोटें नव्हतें, तें तुच्छ लेखूं नये. तरी ज्या गरिबीमुळें ती भ्याली, त्याच गरिबीमुळें वांडाचें दुःख तिच्याइतकें दुसऱ्या कोणास समजणार होतें? मुलें पेगीचें तोंड पाहून हंसत, हें खरें. पण मॅडीच्या मौनानेंहि त्या हंसण्यास संमति मिळत होती.

वांडा शेवटीं आपलीं चित्रें मुलींना देऊन टाकते, आणि तींतील दोन खास पेगी व मॅडी यांना. त्या चित्रांत आपलेच चेहरे आहेत, हें त्यांना मागाहून दिसतें. क्षमा मागण्यास मात्र वांडा समोर नसते. लेखिकेच्या शाळेंतहि अशीच एक मुलगी होती, व तिची क्षमा मागावयाची राहून गेली, असें लेखिकेच्या कन्येनें पुढें सांगितलें आहे.

पश्चात्ताप उत्तम खरा. पण तो वेळेवर पोंचेलच, असें नाहीं. वेळेवर बोललेला एक शब्द त्याहून बरा. आपल्या मुलांस हें सांगावें, आणि आधीं आपणच आचरावें.